शिमग्यात कौलं उतरवली तेव्हा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळलं. खालच्या अंगाला दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरची माड-पोफळीची आगरंही त्यानं आडवी केली. अंजर्ल्यातल्या आमच्या घराची मागची पडवी तेव्हा एका माडाखाली गेली. घाईघाईत वर पत्रे ठोकले, पुढच्या वर्षी कौलं घालू म्हणत. कोकणातले तात्पुरते पत्रे किती वर्षं टिकतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

यंदा मात्र दादानं आणि मी ठरवलं, पावसाच्या आत पडवी नीट करायचीच. दादाचं म्हणणं, पत्रेच नवे घालू, हल्ली विटकरी रंगाचे मिळतात, लांबून कौलंच वाटतात. माझं म्हणणं, लांबून बघायला कोण येणार आहे? आत राहायचं आपल्याला, आणि मे महिन्यात पत्र्याखाली माणूस शिजतो. शेवटी शेजारच्या आळीतल्या आत्यानं फोनवर निकाल दिला: "तुझ्या आजोबांनी कौलं घातलीन, कौलंच चढतील."

घराची कामं दादाच्या वहीत होती. माझ्या वहीत दुसरी यादी होती. मार्च म्हणजे कासवांची पिल्लं बाहेर पडायचा हंगाम, आणि अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवमित्रांना मदत करायची हे कधीपासून मनात होतं. शिवाय लहानपणापासून सुट्टीत येत होतो, पण आजूबाजूचं धड काही पाहिलेलं नव्हतं. आपल्या गावाजवळच्या गोष्टी पाहायच्या राहून जातात त्या अशाच. म्हणून वाटणी केली: पहाट किनाऱ्याची, दिवस घराचा, संध्याकाळ भटकायची. ही वाटणी दुसऱ्याच दिवशी कोलमडली, ते पुढे येईलच.

शनिवार

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, लोणेरे, आंबेत, मंडणगड असे आलो. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हेच त्याचं कौतुक.

आत्यानं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवून घेतलं होतं. ते आमच्यासाठी नव्हे, शिमग्याच्या पालखीसाठी, हे तिनं लगेच स्पष्ट केलं. जेवायला ओल्या काजूगरांची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. ओले काजूगर सोलणं हे नाजूक काम आहे. टरफलातला चीक हाताला लागला तर कातडी सोलवटते. आत्या बोटांना राख लावून सोलते आणि सोलताना सगळ्या गावाच्या बातम्या सांगते.

दुपारी सुतारकाका आले. आल्याआल्या बोलले काहीच नाहीत. पडवीत फिरून हातोडीच्या दांड्यानं एकेक वासा ठोकत गेले. खणखणीत आवाज आला की पुढे. एका ठिकाणी भद्द वाजलं. त्यांनी तिथं पटाशी टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत. "ताई, ह्यात काय राह्यला नाय. वरनं रंग हाय, आत वाळवी." असे तीन वासे निघाले. आढं मात्र शाबूत होतं. ते किंजळीचं आहे, अजून तुमच्या नातवंडांना पुरेल, असं काका म्हणाले. रिपा सगळ्याच बदलायच्या.

कौलांचं गणित सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. त्यावर फुटीसाठी आणखी धरावीत. आढ्यावरचे कोने वेगळे मोजायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं, जुन्या कौलांत नवी मिसळायची असतील तर जुनं एक कौल गाडीत टाकून दुकानात न्यावं. कारखान्या-कारखान्याचा साचा वेगळा, खाच जुळली नाही तर कौल बसतं पण पाणी आत येतं. दादा म्हणाला, फोटो दाखवू की. सुतारकाकांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

रविवार

पहाटे अंधारातच किनाऱ्यावर गेलो. पौर्णिमा तोंडावर, त्यामुळे सकाळची ओहोटी मोठी, समुद्र पार लांब गेलेला. सुरूच्या बनाजवळ जाळीनं बंदिस्त केलेली वाळूची जागा आहे. आत ओळीनं खुणेच्या पाट्या: अंडी कधीची, किती, कुठून आणलेली.

ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी फूट-दीड फूट खोल खड्डा खणते, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. पुढचं काम कासवमित्रांचं. ते रात्री-पहाटे किनारा चालतात, वाळूवरचा माग ओळखून घरटं शोधतात आणि कुत्री, कोल्हे, घोरपडी किंवा अंडी चोरणारी माणसं यांच्या आधी ती अंडी इथं आणून तेवढ्याच खोलीवर पुरतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

या कामाची सुरुवात आपल्याकडे उत्तरेला, वेळासला झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं ते उभं केलं आणि २००६ पासून तिथं कासव महोत्सव होऊ लागला. पुढे ते लोण किनाऱ्याकिनाऱ्यानं पसरलं. पूर्वी ज्या गावांत कासवाची अंडी खाल्ली जात, तिथली पोरं आता रात्रभर ती राखतात. २०२२ मध्ये इथल्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवून तिला सोडलं होतं. तिचं नाव ठेवलं सावनी. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायातल्या पट्टीवरून कळलं की तिला २०२१ मध्ये ओडिशात खूण केली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातून अख्खं दक्षिण टोक वळसा घालून ती कोकणात आली. आम्ही ताम्हिणीतून आलो त्याचंही आत्याला केवढं कौतुक होतं!

आम्हाला दिलेली कामं अगदी साधी. एक म्हणजे दोरी धरणं. रविवार असल्यामुळे पर्यटक बरेच, आणि दोरीच्या अलीकडे त्यांना थांबवायचं. दुसरं म्हणजे पाण्यापर्यंतच्या पट्ट्यातले पायाचे ठसे फळीनं सपाट करणं. आपल्या पावलाचा खळगा पिल्लाला ओलांडता येत नाही. उलथून पडलं तर तसंच राहतं, कावळ्याला सापडतं.

त्या सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. एक गृहस्थ कासवमित्रावर चिडले, "आम्ही एवढे मुंबईहून आलो!" तो मुलगा शांतपणे म्हणाला, "साहेब, त्यांना कुणी कळवलं नाय." मी दोरी धरून हसू आवरत उभी.

ज्यांना जायचं आहे त्यांनी आधी गावात राहायची सोय करताना फोनवर घरट्यांची स्थिती विचारावी, आणि निदान दोन पहाटा आणि एक संध्याकाळ हाताशी ठेवावी. फ्लॅश, टॉर्च, पिल्लू हातात घेऊन फोटो, हे काहीही चालत नाही. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मदत करायची असेल तर शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी जा. तेव्हा हात कमी असतात.

घरी आलो तोवर गडी चढले होते. पत्रे खाली, आणि पत्र्याशेजारची जुनी कौलंही उतरवून खळ्याच्या कडेला रचून ठेवलेली. धुतल्यावर काहींच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं उमटली, बासेल मिशन आणि खाली १८६५. दादा हरखला, घर दीडशे वर्षांचं म्हणून तीन नातेवाइकांना फोन झाले. पण ते कौल भाजल्याचं साल नव्हे. बासेल मिशन या मिशनरी संस्थेनं मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि ते साल पुढेही साच्यात राहिलं. कौलं आजोबांच्या काळातलीच. दादानं नातेवाइकांना दुसरा फोन केला नाही.

संध्याकाळी गडी हात धुऊन निघाले. सुतारकाका जाताना सहज म्हणाले, "आता गुरुवारी."

"गुरुवारी?" दादा ओरडलाच. पडवी आणि माजघराची एक बाजू आभाळाला उघडी होती.

"शिमगा हाय ना ओ."

आत्या ओटीवरून ऐकत होती. "मुंबईची माणसं रजा काढून शिमग्याला गावी येतात, आणि ह्याला गावातली माणसं कामाला पाहिजेत!" दादानं ताडपत्री शोधायला घेतली.

सोमवार, होळी

म्हणजे आमची वाटणी गेली. घराचा दिवस आता भटकायला मोकळा. मी तोंडावर फार आनंद दिसू दिला नाही.

सकाळी आमच्या आळीतून पायऱ्यांनी कड्यावरच्या गणपतीला गेलो. देऊळ पूर्वी खाली समुद्राकाठी होतं, समुद्र आत आला तसा देव कड्यावर गेला, अशी कथा. वाटेत दगडावर गणपतीचं पाऊल दाखवतात. आजचं देऊळ पेशवेकाळात, १७६८ ते १७८० च्या दरम्यान जीर्णोद्धार केलेलं. मूर्ती उजव्या सोंडेची. शेजारी शंकराचं देऊळ, पुढे तळं. गाडी वरपर्यंत जाते, पण जमत असेल तर चालतच जावं. चढताना मागे वळलं की झाडांतून खाली पोफळी, त्यापलीकडे समुद्र आणि डाव्या हाताला पाण्यात बसलेला सुवर्णदुर्ग दिसतो. गाडीतून आलेल्यांना हे दिसत नाही, ते थेट पार्किंगमध्ये उतरतात.

दुपारी पुरणपोळी. आत्यानं नारळाच्या रसाबरोबर वाढली. पुण्यात आम्ही दूध-तुपाबरोबर खातो हे ऐकून तिनं आमची कीव केली.

रात्री होळी लागली. बोंबा, फाका, ढोल. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे इतक्या मोकळेपणानं शिव्या देत होते की दादा आधी ओशाळला आणि मग हळूच त्यात सामील झाला. नवसाचे नारळ आगीत पडत होते आणि पोरं काठ्यांनी ते बाहेर ओढत होती. भाजलेलं खोबरं तिथल्या तिथे वाटलं गेलं, वरून करपलेलं, आतून गोड.

परत येऊन माजघरात आडवे झालो. ताडपत्री पुरली नव्हती. वर कौलं नाहीत, वाश्यांच्या मधून पौर्णिमेचा चंद्र थेट तोंडावर. मार्चमध्येही समुद्राकाठी दव चांगलंच पडतं, पहाटे गोधडी दमट झाली होती. दादा म्हणाला, घरात राहून तंबूचा अनुभव मिळाला. पुण्यात लोक याला पैसे मोजतात.

मंगळवार

पहाटे घरट्यात हालचाल नव्हती आणि पर्यटकही नव्हते. म्हणून किनाऱ्याची सफाई केली. प्लास्टिकच्या बाटल्या, चपला, थर्माकोल हे सगळं येतं, पण खरा त्रास जाळ्यांच्या तुकड्यांचा. नायलॉनची जाळी वाळूत अर्धी रुतलेली असते. ओढायला गेलं तर निघत नाही, खणावी लागते. तुटलेली जाळी समुद्रात तरंगत राहते आणि मोठी कासवं तीत अडकून मरतात. एक तुकडा काढायला आम्ही तिघं आणि बराच वेळ लागला. हातमोजे न्या. जाळीत मोडके गळ असतात.

उन्हं चढल्यावर आडे-पाडल्याच्या रस्त्यानं केळशीला गेलो. हा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की भरतीच्या वेळी काचेवर तुषार येतात. आडे गावात भार्गवरामाचं देऊळ आहे, दुपारी तिथल्या गारव्यात बसून राहावंसं वाटतं. केळशीला महालक्ष्मीचं घुमटवालं देऊळ आणि टेकडीवर याकूबबाबांचा दर्गा. शिवाजी महाराजांनी या दर्ग्याला जमीन इनाम दिली होती. धुळवडीचा दिवस, त्यामुळे वाटेत पोरांनी दोरी लावून गाडी अडवली आणि 'पोस्त' मागितलं. सुट्टे पैसे घेऊन जा. शिमग्यात कोकणात गाडी चालवायची तर हा टोल चुकत नाही, आणि चुकवूही नये.

जेवायला मासे मिळाले नाहीत. होळीला होड्या समुद्रात जात नाहीत हे आम्हाला माहीत असायला हरकत नव्हती. कुळथाचं पिठलं आणि भात जेवलो. तेही असं होतं की तक्रार करावीशी वाटली नाही.

बुधवार

तीन वाशांसाठी लाकूड आणायचंच होतं, म्हणून दापोलीच्या वखारीत गेलो. सुतारकाकांनी चिठ्ठीवर मापं लिहून दिली होती आणि तोंडी ताकीद: "वल्ला लाकूड घेव नका." वखारवाल्यानं लाकूड सुकंच आहे म्हणून सांगितलं. आत्याची युक्ती वापरली: दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पाहिले. ओलं लाकूड दबकं वाजतं. सुकं निवडून घेतलं आणि संध्याकाळी टेम्पोनं पोचवायचं ठरवलं.

मग दुपार मोकळी. घरकामाची खरेदी आणि भटकंती एकाच फेरीत बसवायची असेल तर दापोली हे उत्तम ठिकाण. तिथून पन्हाळेकाजी ३० किलोमीटरच्या आसपास. शेवटचा रस्ता वळणांचा, वाटेत दुकान जवळजवळ नाही. पाणी बरोबर ठेवा.

पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. सगळ्या सहलीतली ही जागा मला सर्वांत आवडली, आणि तिथं आमच्याशिवाय एक पहारेकरी आणि दोन म्हशी एवढेच होते. गंमत अशी की हे एका धर्माचं ठिकाण नाही. सुरुवातीला हीनयान बौद्ध भिक्षूंनी खोदलं, काही शतकांनी वज्रयान पंथाचे लोक आले आणि त्यांनी त्याच खोल्यांत आपल्या देवता बसवल्या. महाचंडरोषण या उग्र देवतेची मूर्ती त्यातलीच. मग शिलाहारांच्या काळात शैव आणि गणपतीचे उपासक गाणपत्य आले, पुढे नाथपंथी. शेवटच्या, थोड्या दूर असलेल्या लेण्यात नाथसिद्धांच्या ओळी कोरल्या आहेत. चौऱ्याऐंशी सिद्ध म्हणतात, आम्ही मोजत मोजत मध्येच घोटाळलो.

दादा एका खोलीच्या उंबऱ्याशी बसून बराच वेळ खांबाच्या तळाकडे बघत होता. नंतरच्या लोकांनी आधीच्या कोरीव कामात केलेली दुरुस्ती तिथं दिसते: भिंत पुढे सरकवलेली, कोनाडा मोठा केलेला. "हेही घर दुरुस्तच करत होते," तो म्हणाला. पत्र्याचा विषय त्यानंतर त्यानं काढला नाही.

परतताना मुरुडला थांबलो. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडत चालत गेले, आणि वयानं लहान दिसतात म्हणून परीक्षकांनी बसू दिलं नाही. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. आम्हाला वखारीतून घरापर्यंत लाकूड न्यायला टेम्पो लागतो.

गुरुवार

पहाटे किनाऱ्यावर गेलो तर कासवमित्र हातानंच खूण करत होता, हळू या. टोपलीखाली वाळू मध्ये थोडी खचली होती. घरटं फुटायच्या आधी ती तशी खचते. मग एक काळसर नाक, एक पंख, आणि बघता बघता एकावर एक चढत पिल्लं वर आली. तळहाताच्या निम्मी, करड्या रंगाची. टोपलीत मोजून घेतली, वहीत नोंद झाली, आणि पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली. थेट पाण्यात सोडत नाहीत. तेवढी वाळू त्यांनी स्वतः चालायची असते.

पहिलं पिल्लू सरळ निघालं. दुसरं उलट्या दिशेनं, आमच्याकडे. पर्यटकांतली एक छोटी मुलगी त्याला "अरे तिकडे, तिकडे" म्हणून ओरडत होती. ते थांबलं, वळलं, आणि लाटेनं त्याला उचललं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. कासवमित्र मात्र आकडे सांगत नव्हता. तो शेवटच्या पिल्लापर्यंत उभा राहिला आणि मग खड्डा उकरून आत अडकलेलं कुणी आहे का ते पाहिलं. एक होतं. तेही सोडलं.

घरी सुतारकाका आणि गडी वेळेआधी हजर. शिमग्यात मन भरलं की हात चालतात, असं ते म्हणाले, आणि खरंच चालले. दुपारपर्यंत वासे चढले. नव्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. उग्र, काळं, वाळवीला त्याचं वावडं असतं. लावताना हातमोजे हवेतच आणि तोंड बाजूला हवं. दादाच्या मनगटाला थेंब लागला आणि दोन दिवस फोड राहिला. त्याला आता ओले काजूगर सोलणाऱ्यांबद्दल नवा आदर आहे.

संध्याकाळी हर्णैच्या लिलावाला गेलो. होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. वाळूवर माशांचे वाटे मांडलेले, बोली इतकी झटपट की कुणी हात हलवला आणि कुणी घेतलं हे कळत नाही. आम्ही बाजूला किरकोळ विकणाऱ्या एका कोळीणमावशींकडून बांगडे घेतले. मी भाव करायला लागले तर म्हणाल्या, "बाय, पुन्याला ह्याच्या तिप्पट देशील, तवा बोलशील काय?" मुकाट्यानं दिले. लिलाव बघायला जाणार असाल तर चांगल्या चपला घालू नका.

शुक्रवार

कौलं चढली. खालून वर, ओळीनं. दादा म्हणाला, जुनी मागच्या बाजूला आणि नवी पुढे. दादाला नवी दिसायला हवी होती. मी म्हटलं, जुनी पुढे ठेव, अक्षरं दिसतील. सुतारकाकांनी दोघांचंही ऐकलं नाही. पाणी जिकडून जोरात येतं त्या बाजूला एकसाच्याची नवी, ओट्याच्या आडोशाला जुनी.

गवंडीदादांशी भिंतीवरून चर्चा झाली. जांभ्याच्या भिंतीला ओल येते म्हणून सिमेंटचा गिलावा करायचा विचार होता. ते म्हणाले, जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटनं त्याचं तोंड बंद केलं की ओल आतल्या बाजूला फुटते. चुन्याचाच गिलावा करा, महाग पडेल, पण दर तीन पावसाळ्यांनी मला बोलवावं लागणार नाही. स्वतःचं काम कमी करणारा सल्ला देणारा माणूस भेटला की त्याचं ऐकावं. चुन्याचं काम ठरलं.

दुपारी हर्णै बंदरातून होडीनं सुवर्णदुर्ग. भरती असताना चढ-उतार सोपी जाते, होडीवाल्याला वेळ विचारून ठेवावी, आणि लाइफ जॅकेट मागून घ्यावं. किल्ल्यावर पिण्याच्या पाण्याची सोय नाही, सावली थोडी. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरताना पायरीवर कासव कोरलेलं आहे, बाजूच्या तटावर मारुती. काल पहाटे जिवंत पाहिलेलं आणि इथं दगडात. त्यावर पाय पडू नये म्हणून मी कडेनं चढले.

१६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून तो काढून घेतला, इंग्रजी जहाजांचा सेनानी होता कमोडोर जेम्स. घरातलं भांडण मिटवायला बाहेरच्याला बोलावण्याचा हा प्रकार तटावर उभं राहून आठवला की चरफड होते. आता आत झाडी माजलीय, इमारतींची जोती तेवढी ओळखू येतात. पण बुरुजावरून मागे पाहिलं तर किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि त्यावरचं दीपगृह, शेजारी फत्तेगड आणि गोवागड, आणि उत्तरेला अंजर्ल्याचा कडा, असं सगळं एका नजरेत येतं.

शनिवार

सकाळी आत्यानं सगळ्यांना झाडायला लावलं. कौलांचे तुकडे, लाकडाचा भुसा, सगळं खळ्यातून गेलं पाहिजे. संध्याकाळी पालखी येणार. खळं पुन्हा सारवलं गेलं. मला शेणाचा हात अजून जमतो हे पाहून आत्यानं मान डोलावली. तेवढंच कौतुक, पण पुरेसं.

पालखी आली तेव्हा अंधार पडला होता. ढोल-सनई पुढे, पालखी खांद्यांवर नाचत. खळ्यात आल्यावर ती अशी उसळवली की आत्या सोडून सगळे मागे सरले. तिनं देवीची ओटी भरली, नारळ ठेवला. मग मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन, पुण्यातल्यांचंही, माझ्या मुलीच्या परीक्षेचंही. तिची परीक्षा आहे हे त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. पालखी खांद्यावर घेतलेल्यांत सुतारकाकाही होते, कपाळाला गुलाल. जाता जाता पडवीकडे बोट दाखवून दुसऱ्याला म्हणाले, "ती आमची."

रविवार

निघायच्या आधी पडवीवर बादलीनं पाणी ओतून पाहिलं. एका कोन्याखालून बारीक धार आली. सुतारकाकांचा मुलगा चढला आणि कोना सरकवून आला. पन्हळ मात्र राहिली, आणि चुन्याचा गिलावाही. गवंडीदादा म्हणतात, अक्षय्यतृतीयेनंतर. आत्या म्हणते, मिरगाच्या आत, नाहीतर मला फोन करू नका. दादानं मे महिन्यातली रजा टाकली आहे. तोवर कासवांची पिल्लं गेलेली असतील, पण आंबे असतील, म्हणून मीही टाकली.